नाबाद १००९ आणि स्कोअरबुकाचं पान

एक हजार नऊ नाबाद. कल्याणच्या वायलेनगरमधल्या मैदानावर ४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने एका डावात केलेल्या या धावा. तो के. सी. गांधी शाळेचा सलामीवीर, वडील रिक्षाचालक. स्पर्धा मुंबई क्रिकेट संघटनेची, सोळा वर्षांखालच्या मुलांची, भंडारी चषकाची. समोर आर्य गुरुकुल शाळेचा संघ. क्रिकेटच्या नोंदलेल्या इतिहासात एका डावात चार आकडी धावा त्याआधी कुणीही, कुठल्याही पातळीवर केल्या नव्हत्या.

मी ठाणे पूर्वेला, कोपरीत राहते. शाळा-कॉलेजांच्या आणि ऑफिस संघांच्या सामन्यांना स्कोअरर म्हणून बसते. सीमारेषेबाहेरच्या टेबलावर वही उघडून प्रत्येक चेंडू लिहायचा, हे माझं काम. तो सामना मी लिहिलेला नाही. तरी स्कोअरर म्हटल्यावर लोक मला हमखास तोच प्रश्न विचारतात. स्टेशनच्या पुलावर, भाजीवाल्याकडे, अष्टविनायक चौकात रिक्षाच्या रांगेत. "ताई, खरंच झाले होते का हो हजार?" विचारण्याच्या सुरात बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात. भाबडा अभिमान, नाहीतर "सोडा हो, लहान पोरांना मारलं त्याने." मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. हजार झाले, हे खरं. पण विक्रम म्हणजे एकटा आकडा नव्हे. विक्रम म्हणजे ते संपूर्ण पान. ते वाचायला शिकलं की कौतुकही नीट करता येतं आणि शंकाही नीट काढता येते.

म्हणून ते पान वाचू. प्रणवच्या डावात १२९ चौकार आणि ५९ षटकार आहेत. चौकारांचे ५१६, षटकारांचे ३५४, म्हणजे ८७० धावा नुसत्या सीमारेषेपलीकडून आल्या. पळून काढलेल्या उरल्या १३९. शंभरातल्या ८६ धावा न पळता. आता याच्या शेजारी दुसरं पान ठेवते. नोव्हेंबर २०१३, आझाद मैदान, हॅरिस शील्ड ही शालेय स्पर्धा. रिझवी स्प्रिंगफील्डच्या पृथ्वी शॉने ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. त्यात ८५ चौकार आणि ५ षटकार, म्हणजे ३७० धावा. उरलेल्या १७६ पळून. म्हणजे शंभरातल्या ६८ न पळता.

ही दोन पानं शेजारी ठेवली की मैदान दिसायला लागतं. जिथे ५९ वेळा चेंडू दोरीपलीकडे उडून जातो, तिथे दोरी फार लांब नसणार. आणि तसंच होतं. एका बाजूची सीमारेषा अगदी जवळ होती आणि आर्य गुरुकुलच्या संघातली बरीच मुलं त्या वयोगटाच्या मानाने फार लहान होती, हे त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांत छापून आलं. झेलही पुष्कळ सुटले. त्या संघाचा पहिला डाव ३१ धावांत आटोपला होता, दुसरा ५२ धावांत. मधे के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. विजय एक डाव आणि १३८२ धावांनी. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली सर्वांत मोठी संघाची धावसंख्या व्हिक्टोरियाची ११०७, ती १९२६ मधली. कल्याणच्या शाळकरी पोरांनी तीही मागे टाकली.

हे सगळं त्या पानावर आहे आणि त्यातलं काहीही प्रणवच्या विरोधात जात नाही. समोर कोण येणार, दोरी कुठे लागणार, हे पंधरा वर्षांचा मुलगा ठरवत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट होती, पुढचा चेंडू. आणि तीनशेहून अधिक चेंडू तो बाद झाला नाही. जानेवारीतलं ऊन जानेवारीचं असलं तरी ते कल्याणचं ऊन. दोन दिवस हेल्मेट-पॅड घालून उभं राहून, सहाशेवर पोचल्यावर सातशेची भूक ठेवणं सोपं नाही. शंभर झाल्यावर हवेत बॅट फिरवून बाद होणारी मुलं मी दर मोसमात लिहिते. शाळकरी फलंदाज गोलंदाजापेक्षा आधी स्वतःच्या समाधानाला बळी पडतो. प्रणव पडला नाही. त्या पानातली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट.

आता स्कोअरर म्हणून थोडं. वहीत एका बाजूला फलंदाज, दुसऱ्या बाजूला गोलंदाज. एकेक चेंडू दोन्हीकडे लिहायचा. धाव नाही तर टिंब. पंचांनी खूण केली की हात वर करून पोच द्यायची, तोवर पंच पुढचा चेंडू टाकू देत नाहीत. षटक संपलं की बेरीज. सगळ्या फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर, बरोबर संघाच्या धावा. गोलंदाजांनी दिलेल्या धावांमध्ये बाय आणि लेगबाय मिळवले की पुन्हा तोच आकडा यायला हवा. दोन बाजूंनी येऊन बेरीज जुळली तरच पान बंद. चांगल्या सामन्याला दोन स्कोअरर असतात आणि ते षटकागणिक एकमेकांना आकडा सांगतात. शालेय सामन्यांत बऱ्याचदा एकच असतो, कधी तर संघातलाच राखीव खेळाडू. त्याच्या शेजारी डबे उघडलेले, कुणी तरी "माझे किती झाले रे?" विचारतंय, आणि समोर एक मुलगा एका षटकात चार षटकार मारतोय. अशा वेळी हात चालता ठेवणं ही मोठी कसरत असते.

म्हणूनच प्रणवच्या डावातल्या चेंडूंची संख्या त्या दिवसांच्या बातम्यांत कुठे ३२३ तर कुठे ३२७ दिसते. धावांचा आकडा मात्र सगळीकडे एकच. याचं मला नवल वाटत नाही. धावा दोन ठिकाणी लिहिल्या जातात, म्हणून त्या तपासता येतात. खेळलेले चेंडू मागाहून मोजावे लागतात आणि नोबॉल-वाइडच्या खुणांमध्ये दोन-चार इकडेतिकडे होतात.

प्रणवने मोडला तो विक्रम तर याहून धूसर होता. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात जून १८९९ मध्ये ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने वसतिगृहांमधल्या कनिष्ठ सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या. क्लार्क्स हाउस विरुद्ध नॉर्थ टाउन. सामना शाळा सुटल्यावर रोज थोडा थोडा, असा चालला. मैदान एका अंगाने उताराचं आणि आखूड. समोरचा संघ ८७ आणि ६१ धावांत बाद. कल्याणची सगळी लक्षणं तिथेही होती! वही लिहिणाऱ्या मुलांपैकी एकाने पुढे सांगितल्याचं म्हणतात की ६२८ मध्ये वीसेक धावा इकडच्या तिकडे असू शकतात. तरीही तो आकडा ११६ वर्षं टिकला, कारण त्या शाळेने ती वही जपली. कॉलिन्स पुढे सैन्यात गेला, प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही आणि ११ नोव्हेंबर १९१४ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र इथे मारला गेला. त्याचं पान मात्र राहिलं. ४ जानेवारीला दिवसाचा खेळ संपताना प्रणव ६५२ वर नाबाद होता, तेव्हा नेमका कोणता विक्रम मोडला हे जगाला तत्काळ सांगता आलं ते त्या जपलेल्या वहीमुळे.

वही जपण्याचं वेड मला सर्वांत जास्त दिसलं ते अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये. माझा भाचा ओक्लाहोमाला शिकायला होता. तिथून येताना त्याने मला विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं विक्रमांचं पुस्तक आणून दिलं. "मावशी, हे तुझ्या कामाचं." नाव फुटबॉल असलं तरी त्या खेळात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. मैदान शंभर यार्डांचं. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा. म्हणून त्यांचा हिशेब धावांऐवजी यार्डांचा. चेंडू घेऊन पळत किती यार्ड काढले, फेकून किती, झेलून किती. प्रत्येक विद्यापीठ हे सगळं एका सामन्याचं, एका मोसमाचं आणि पूर्ण कारकिर्दीचं असं वेगवेगळं छापतं. शंभर वर्षांपूर्वीचा पोरगाही त्यात नावानिशी सापडतो.

त्यात मला बॅरी सँडर्स भेटला. ओक्लाहोमा स्टेटचा हा खेळाडू १९८८ च्या मोसमात ११ सामन्यांत २६२८ यार्ड पळाला. एका मोसमाचा तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. पण मोसमानंतर 'बोल' नावाचा मानाचा एक सामना होतो, त्यात तो आणखी २२२ यार्ड पळाला. ते धरलेच नाहीत! त्या वेळचा नियम होता की बोल सामन्यांचे आकडे अधिकृत नोंदीत घ्यायचे नाहीत. २००२ पासून नियम बदलला, पण जुन्या नोंदी तशाच ठेवल्या. त्याचा परिणाम पुढे दिसला. विस्कॉन्सिनचा रॉन डेन १९९९ पर्यंतच्या कारकिर्दीत बोल सामने धरून ७१२५ यार्ड पळाला होता, अधिकृत नोंद मात्र ६३९७ ची. २०१६ मध्ये सॅन डिएगो स्टेटच्या डॉनेल पम्फ्रीने ६४०५ यार्ड करून तो अधिकृत विक्रम मोडला आणि त्याच्या आकड्यात बोल सामने धरलेले होते. विस्कॉन्सिनच्या चाहत्यांना हे अजून पटलेलं नाही, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. एकाच रकान्यात दोन वेगळ्या मापांचे आकडे एकाखाली एक लिहायचे असतील, तर शेजारी तसं स्पष्ट लिहायला हवं.

आपल्याकडेही हे आहेच. १९८० च्या दशकाआधी वाइड आणि नोबॉलच्या धावा गोलंदाजाच्या खात्यात धरत नसत. आज धरतात. म्हणजे जुन्या गोलंदाजाची सरासरी आजच्या गोलंदाजाशेजारी ठेवताना थोडं थांबावं लागतं. माप बदललं की विक्रमही बदलतो, खेळाडू तोच असला तरी.

एकतर्फी सामना हीसुद्धा आपलीच मक्तेदारी नाही. ७ ऑक्टोबर १९१६ रोजी अटलांटामध्ये जॉर्जिया टेकने कम्बरलंड कॉलेजला २२२-० असं हरवलं. कम्बरलंडने त्या वर्षी फुटबॉल संघ बंदच केला होता. पण ठरलेला सामना खेळला नाही तर दंड भरावा लागणार होता, म्हणून मिळतील ती मुलं गोळा करून नेली. अमेरिकन नोंदींमध्ये हा आकडा आहे आणि त्याच्याबरोबर ही हकीकतही आहे. ज्यांनी मार खाल्ला त्या मुलांची बाजू आकड्यासोबत आजवर टिकली. आर्य गुरुकुलच्या लहानग्यांच्या वाट्याला हे आलं नाही. प्रणवचा फोटो देशभर गेला. दोन दिवस उन्हात चेंडू आणायला धावणाऱ्या त्या मुलांना शाबासकी मिळाल्याचं मी तरी वाचलं नाही. मैदान सोडून न जाता ती सामना संपेपर्यंत उभी राहिली, हेही त्या पानाचंच यश आहे.

कारण सोडून जाणारे मोठे लोकही आपण पाहिलेत. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर पोचले होते. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या जागतिक विक्रमाला गाठायला नऊ धावा हव्या होत्या. मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघतो. आणि ते निघाले. सामना सोडून दिला. निंबाळकर २०१२ मध्ये वारले. एकही कसोटी त्यांना खेळायला मिळाली नाही. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च धावसंख्या अजूनही त्या ४४३ चीच आहे. नऊ धावांची हळहळ मराठी क्रिकेटवेड्याच्या मनातून पुसली जात नाही. राजकोटच्या राजाने जे केलं नाही, ते कल्याणच्या शाळकरी मुलांनी केलं. ती खेळत राहिली.

प्रणवचं पुढे काय झालं, हा लोकांचा दुसरा प्रश्न. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. पुढे धावा होईनात. तेव्हा २०१७ मध्ये वडिलांनी संघटनेला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं. रिक्षा चालवून घर चालवणाऱ्या माणसाने महिन्याचे दहा हजार स्वतःहून सोडावेत, ही घटना माझ्या लेखी त्या १००९ इतकीच मोठी आहे. तिची बातमी मात्र छोटीशीच आली.

एका डावावरून कारकीर्द मोजायची सवय आपल्याला फेब्रुवारी १९८८ पासून लागली असावी. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन ३२६, कांबळी ३४९. पुढे एकाचं काय झालं हे जगाला ठाऊक आहे, म्हणून आता प्रत्येक मोठ्या शालेय खेळीत लोक पुढचा सचिन शोधतात. पण त्याच दिवशी पॅड बांधून तंबूत बसून राहिलेला अमोल मुझुमदारही होता. तो पुढे मुंबईचा कर्णधार झाला आणि त्याने प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या. त्या सामन्याच्या पानावर त्याच्या नावापुढे काहीच नाही. आमच्याच भागातल्या डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे शालेय विक्रमांमुळे कुणाला माहीत नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला कर्णधार म्हणून त्याने काढलेले ११२ भारताला मालिकेत परत घेऊन आले. कल्याणचा तुषार देशपांडे २०२४ मध्ये भारताकडून खेळला. एक पान एका दिवसाबद्दल खरं बोलतं. पुढच्या वीस वर्षांबद्दल ते काही बोलत नाही, आणि आपणही त्याच्या तोंडी ते घालू नये. पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर तर नाहीच नाही.

माझी खरी तळमळ वेगळी आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यात इतक्या शाळा, इतकी कॉलेजं, एवढे सामने. पण त्यांच्या वह्या कुठे आहेत? एका शाळेत जुन्या सामन्याची नोंद बघायला गेले, तर स्कोअरबुकं रद्दीत गेली होती. खोली रिकामी करायची होती, एवढंच कारण. त्या वह्यांमध्ये कुणाची तरी हॅटट्रिक होती, कुणाच्या तरी सात विकेट्स, कुणी तरी शेवटच्या जोडीसोबत सामना वाचवलेला. आज पन्नाशीला आलेल्या त्या माणसाने मुलाला सांगितलं, की "मी एकदा सात काढल्या होत्या," तर दाखवायला कागद नाही. मोठे विक्रम वर्तमानपत्रं जपतात. लहान विक्रम जपायला शाळेचं कपाट लागतं. अमेरिकेतल्या त्या पुस्तकात मला सर्वांत आवडली ती शेवटची पानं, जिथे देशाला कधीच माहीत न झालेल्या मुलांचे आकडे आहेत.

म्हणून क्रीडाशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. मोसम संपला की स्कोअरबुक ग्रंथालयात जमा करा, हजेरीपटासारखं. प्रत्येक पानावर तारीख, मैदान, दोन्ही संघांच्या मुलांची पूर्ण नावं, वयोगट आणि सीमारेषेचं अंतर लिहून घ्या. मोबाइलवर स्कोअर ठेवणार असाल तर सामना संपल्यावर त्याची छापील प्रत काढा, कारण फोन बदलतो तशी नोंदही जाते. आणि पालकांनो, मुलगा किंवा मुलगी राखीव खेळाडू म्हणून बसून आहे अशी तक्रार करण्याआधी त्याला किंवा तिला वही लिहायला शिकवा. मुंबई क्रिकेट संघटना स्कोअररच्या परीक्षा घेते, मुलीही त्या देतात. कोपरीत कुणाला शिकायचं असेल तर मी शिकवायला तयार आहे. पैसे नकोत, दोन रंगांची पेनं घेऊन या.